मांडे ऑर्डर करायच्या आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी, फोनवर दरवेळी तेच तेच प्रश्न येतात आणि आमचे हात पिठात असतात, म्हणून हा कागद डब्यासोबत देतोय, फेकू नका.

पहिलं म्हणजे आमचे मांडे खान्देशी, म्हणजे खापरावरची पुरणपोळी. बेळगावचे मांडे वेगळे, ते पिठीसाखर भरून घडी घातलेले, कुरकुरीत असतात. तेही झकास लागतात पण ते आमच्याकडे मिळत नाहीत, दोनदा तरी लोक त्या हिशोबाने डबा घेऊन गेले आणि घरी उघडून मग आम्हाला फोन.

"आज सांगितलं तर संध्याकाळी देता का?" नाही हो. गहू धुवायचा, ओलसर असतानाच कापडात बांधून रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दळायचा, मग ते पीठ जुन्या मऊ साडीच्या कापडातून वस्त्रगाळ करायचं. मग मीठ घालून, पाणी शिंपडत शिंपडत परातीत आपटून आपटून मळायचं, इतकं की गोळा ओढला तर तुटला नाही पाहिजे, नुसता लांबत गेला पाहिजे. आई म्हणते पिठाला तार आली पाहिजे. त्यात परत पीठ मुरायला वेळ लागतो. म्हणून दोन दिवस आधी सांगा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर आठवडाभर आधी, कारण त्या दिवशी अख्ख्या खान्देशात आमरस आणि मांडे लागतात, माहेरी लेकी आलेल्या असतात, आणि आमच्याकडे हात मोजून दोनच जोड्या.

आता मशीनचं. "एवढी ऑर्डर आहे तर मशीन का नाही घेत" असं प्रेमाने विचारणारे खूप आहेत. तर सांगतो. पिठाच्या दोन छोट्या पुऱ्या घ्यायच्या, मधे पुरणाचा गोळा, कडा दाबून बंद, थोडं लाटायचं आणि मग लाटणं बाजूला. पुढचं सगळं हातावर, या हातावरून त्या हातावर टाकत टाकत तो मांडा स्वतःच्याच वजनाने पसरत जातो, पार कोपरापर्यंत. त्याच्या आधी आई बांगड्या काढून डब्यात ठेवते, एखादी काचेची बांगडी लागली तर मांडा गेलाच. आणि खरी मेख पिठात नाही, पुरणात आहे. पुरण पिठापेक्षा घट्ट झालं तर मधे गोळा राहतो आणि कडेला फाटतं, सैल झालं तर एका बाजूला धावतं, म्हणजे दोन्हीचा मऊपणा सारखाच लागतो. डाळीची एक कणी राहिली तरी तिथे भोक पडतं, म्हणून आई पुरण चिमटीत घेऊन चोळून बघते, डोळ्यांनी नाही.

आई लग्न होऊन आली तेव्हा तिला मांडे येत नव्हते. आजीने पहिल्या वर्षी फक्त डाळ वाटायला बसवलं, दुसऱ्या वर्षी पीठ, आणि खापराजवळ बसू दिलं ते तिसऱ्या आखाजीला. आता तिची साठी उलटली, तरी नवीन पोतं उघडलं की पहिला घाणा अंदाजाचाच असतो असं ती म्हणते. मी एकदा डिजिटल काटा आणून तिचं पीठ, पाणी, मीठ सगळं मोजून वहीत लिहून घेतलं, फार हुशारी वाटली होती स्वतःची. पुढच्या पावसाळी आठवड्यात तेच आकडे, तोच गहू आणि पीठ असं चिकट झालं की हातावरून सुटेना. वही अजून आहे, तिच्यावर आम्ही दुधाचा हिशोब लिहितो.

मी नऊ वर्षं शिकतोय. माझा मांडा मनगटाच्या थोडा पुढे जातो. डब्यात तुम्हाला आईचेच मिळतात, माझे आम्ही घरी खातो.

खापर मातीचं, चुलीवर पालथं घातलेलं. एकदा मांडा त्यावर टाकला की सरकवता येत नाही, घडी पडली तर पडली. विसोबाने कुंभाराला खापर देऊ दिलं नाही तेव्हा मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले म्हणतात. आमचं खापर फुटलं की मात्र त्या दिवसाचं काम बंद, तुम्हाला लगेच कळवतो आणि पैसे परत. मांड्यावर काळसर ठिपके दिसतील, तो करपलेला नाही, खापराचेच डाग आहेत. त्यावरून भांडू नका प्लीज.

घरी नेल्यावर डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवा, वाफ धरली तर घड्या चिकटतात. त्याच दिवशी खा, फार तर दुसऱ्या दिवशी, उन्हाळ्यात फ्रीजमधेच ठेवा. गरम करायचा तर मंद तव्यावर, वरून तूप सोडून. मायक्रोवेव्हमधे घातला की चामड्यासारखा होतो आणि मग आम्हालाच फोन येतो. सोबत आमरस, नाहीतर दूध, आणि तिखट रशी पाहिजेच, ती आम्ही डब्यात देतो.

पातळ करा, मोठा करा, गूळ कमी करा हे सांगून चालेल. लवकर करा एवढं सांगू नका.

फोन उचलला नाही तर आईचे हात पिठात आहेत असं समजा आणि मेसेज टाकून ठेवा, खापर उतरलं की मी बघतो.