उकडतंय की भाजतंय?

परवा ॲपवर मुंबईचं तापमान ३४ दाखवत होतं आणि खाली ‘फील्स लाइक ४४’, लगेच ग्रुपवर फॉरवर्ड आला की सूर्य पृथ्वीच्या जवळ आलाय, पाच दिवस बाहेर पडू नका. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, तेव्हा असले मेसेज कृपया पुढे पाठवू नका. त्या दहा अंशांच्या फरकाला मराठीत साधा शब्द आहे, उकाडा.

आम्ही रत्नागिरीकडचे, मे महिन्यात दिवसभर ‘उकडतंय’ म्हणतो. माझी नागपूरची मावशी मे महिन्यात म्हणते ‘झळा लागतायत’, ‘ऊन लागेल’. तिचं ‘उकडतंय’ सुरू होतं जूनमध्ये, पहिला पाऊस पडून गेला की, आणि तेव्हा पारा खरं तर उतरलेला असतो! स्वयंपाकघरातही हाच फरक आहे बघा, मोदक वाफेवर उकडतो आणि वांगं कोरड्या आचेवर भाजतो.

आता घामाचं बघू. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, पण तेवढाच घाम अंगावरून उडून जायला साधारण ५८० कॅलरी लागतात आणि त्यातली बरीचशी तो आपल्या कातडीतून घेतो. म्हणजे गारवा घाम येण्यात नाही, उडण्यात आहे, टपटप गळून गेलेला घाम जवळजवळ फुकट. कातडीवरून पाण्याचे रेणू हवेत जातात तसे हवेतले रेणू परत कातडीवर येऊन बसत असतात, हवेत बाष्प जास्त असेल तर येणारे वाढतात, उडणं आणि बसणं यातली तफावत कमी होते आणि अंग नुसतं चिकचिक होतं, तोच उकाडा.

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की जो आकडा येतो तो वेट बल्ब, म्हणजे पाणी उडून जास्तीत जास्त किती गारवा मिळू शकतो त्याचं माप, आकडा जितका कमी तितका घाम कामाचा. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तो २८ च्या आसपास येतो आणि ४४ अंश, १५ टक्क्यांना जेमतेम २३! म्हणून तर हवामान खातं उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश धरतं आणि किनारपट्टीवर किमान ३७.

म्हणून नागपूरचं ऊन सोपं असं मात्र अजिबात नाही. कातडी असते ३५ अंशांच्या आसपास, हवा त्याहून तापलेली असली की वारा उलट उष्णता आणून देतो, ती झळ, आणि घाम इतक्या पटकन उडतो की अंग कोरडंच वाटतं, पाणी किती गेलं ते कळत नाही आणि ऊन लागतं.

माठाचंही तसंच. मावशीकडे मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार आणि आमच्याकडे, तोच कुंभारवाड्यातला लाल माठ, खाली वाळू ओली करून ठेवला तरी पाणी आपलं बेताचंच गार.