कमी मेमरीतील अटेन्शनची अचूकता

भाषा-मॉडेलांतील अटेन्शन, म्हणजे अवधान (कोणत्या शब्दाकडे किती लक्ष द्यायचे ते ठरवणारे गणित), कमी मेमरीत बसवताना उत्तराचा नेमकेपणा टिकवण्याच्या आणि गमावलेला परत मिळवण्याच्या पद्धती. २०१७ मध्ये मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेत मजकुरातील टोकनांची, म्हणजे शब्दांची किंवा शब्दांच्या तुकड्यांची, एकमेकांशी तुलना होऊन गुण मिळतात आणि त्यांवरून प्रत्येकाचे वजन ठरते. त्यामुळे मजकूर दुप्पट झाला की तुलना चौपट होतात. ३२,७६८ टोकनांचा पूर्ण तक्ता मांडला तर सुमारे १०७ कोटी घरे भरतात. प्रत्येक घराला २ बाइट धरले तरी मॉडेलच्या एका थरातल्या एकाच हेडला, म्हणजे स्वतंत्रपणे तुलना करणाऱ्या एका भागाला, २ जीबी जागा लागते.

मराठीला ही अडचण लवकर भिडते. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘नाशिक’ १५ बाइटांचा, रोमन लिपीत तोच शब्द ६ बाइटांचा. मजकुराची टोकने पाडणाऱ्या ज्या टोकनायझरने मराठी फारशी पाहिलेली नाही, तो शब्दाचे बारीक तुकडे पाडतो आणि तेवढ्याच मजकुराला जास्त टोकने लागतात.

मेमरी वाचवण्याचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत आणि त्यांची वारंवार गल्लत होते. निफाड तालुक्यातल्या लासलगावचा कांदा बाजार घ्या. दिवसाचा सरासरी भाव काढायला सगळ्या हिशेबपट्ट्या एकदम पसराव्या लागत नाहीत. एकेक पट्टी घ्यायची, एकूण क्विंटल आणि एकूण रक्कम वाढवत न्यायची, शेवटी भागाकार करायचा. उत्तर तेच येते. २०२२ मधील फ्लॅशअटेन्शन असेच चालते. ते टोकनांचे गट करून चालू बेरजा ठेवते. आधीपेक्षा मोठा गुण सापडला की जुन्या बेरजा त्या प्रमाणात खाली आणते. पूर्ण तक्ता मेमरीत कधीच उतरत नाही, तरी गणित मूळचेच राहते. फरक पडलाच तर शेवटच्या अंकांच्या पूर्णांकनाचा.

दुसऱ्या मार्गात पट्ट्याच टाकून दिल्या जातात. २०२० पासून चर्चेत असलेले रेषीय अटेन्शन आधीचा सगळा मजकूर ठरावीक आकाराच्या एका गोषवाऱ्यात मिसळते. मग संध्याकाळी कोणी विचारले, ‘चांदवडहून आलेल्या त्या ट्रॅक्टरला काय भाव मिळाला?’ तर हाती सरासरीच्या आसपासचा आकडा येतो. प्रत्येक नवा प्रश्न पट्ट्यांना वेगळे वजन देतो, आणि पट्ट्या तर आता नाहीत. अचूकतेची खरी झीज इथे होते.

तिच्यावर उपाय निघाले आहेत. डेल्टा नियमात नवी नोंद लिहिण्यापूर्वी त्याच खुणेची जुनी नोंद गोषवाऱ्यातून वजा करतात, म्हणजे एकावर एक थर साचून गढूळपणा येत नाही. काही मॉडेलांत बहुतेक थर रेषीय ठेवून मधूनमधून एखादा पूर्ण अटेन्शनचा थर घालतात. नेमकी आठवण परत आणायला हा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. फक्त अलीकडच्या टोकनांची खिडकी ठेवणाऱ्या पद्धतीत मजकुराची पहिली टोकने काढून टाकली की मॉडेल कोलमडते. त्या टोकनांत अर्थ फारसा नसला तरी उरलेले वजन तिथे जाऊन बसते. २०२३ मध्ये दिसून आले की सुरुवातीची अवघी ४ टोकने राखली तरी मॉडेल सावरते. मात्र खिडकीबाहेर गेलेला मजकूर त्याने परत येत नाही.

अंकांची रुंदी हाही कळीचा मुद्दा आहे. बीफ्लोट१६ या १६ बिटांच्या अंकरूपात २५६ त १ मिळवला तरी उत्तर २५६च राहते. लांब बेरीज या रूपात केली तर लहान वजने निमूटपणे नाहीशी होतात. म्हणून गुणाकार १६ बिटांत आणि बेरीज ३२ बिटांत करतात. प्रत्येक टोकनाची साठवलेली ‘की’ (ओळखीची खूण) आणि ‘व्हॅल्यू’ (त्यातला आशय) २ बिटांपर्यंत आवळताना की स्तंभवार, तर व्हॅल्यू टोकनवार मोजून आवळणे हितकारक ठरले आहे, कारण कीच्या काही ठरावीक स्तंभांतच अवाढव्य आकडे असतात.

मोजमाप करताना पर्प्लेक्सिटीवर, म्हणजे पुढचा शब्द ओळखताना मॉडेल किती गोंधळते ते सांगणाऱ्या आकड्यावर, विसंबू नये. पुढचा शब्द बहुधा जवळच्या शब्दांवरून ओळखता येतो, त्यामुळे दूरची आठवण हरवली तरी तो आकडा फारसा हलत नाही. लांबलचक बाजारअहवालाच्या मधोमध एका पट्टीचा भाव ठेवून तोच विचारला, आणि पट्टीची जागा बदलत बदलत पुन्हा विचारला, की कोणती पद्धत किती विसरते ते उघड होते.