ग्रीक नाटकाचे मुखवटे नेण्यापूर्वी

‘अँटिगनी’ किंवा ‘इडिपस’ बसवणारी मंडळी दुकानात येतात तेव्हा बहुतेकांच्या मोबाईलवर तोच फोटो असतो: आ वासलेलं तोंड, कपाळावर केसांचा डोलारा, पायांत उंच तळव्याचे बूट. ‘आम्हाला हेच अस्सल हवंय!’ पण हा थाट ही नाटकं लिहिणाऱ्या सॉफोक्लिसच्या नंतरचा, हेलेनिस्टिक (म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या) आणि रोमन काळातला. त्याच्या अथेन्समध्ये बूट मऊ तळव्याचे होते आणि मुखवटे माणसासारखे. मूळ मुखवटा एकही उरलेला नाही, पण इ.स.पू. 400 च्या सुमाराचं एक रंगवलेलं मातीचं भांडं नेपल्सच्या संग्रहालयात आहे, त्यावर नट मुखवटे हातात घेऊन आहेत. ओठ जेमतेम विलग. आम्ही तेच बघून बनवतो.

म्हणून एक विनंती: तोंड कापून मोठं करू नका. आवाज कोंडतो म्हणून दर मोसमाला कुणीतरी ब्लेड चालवतंच. मागे एक राणी कानापर्यंत फाटून परत आली. खळ दिलेलं कापड जोडलं तरी वण रंगाखालून दिसतो. आवाज जातो तो मान वळल्यामुळे. मुखवट्यात नुसते डोळे फिरवून भागत नाही, सगळं डोकं फिरवावं लागतं. आणि समोरच्या नटाकडे बघून वाक्य टाकलं की ते विंगेत जातं. तोंड प्रेक्षकांकडे ठेवा. ही सवय एका तालमीत लागत नाही, म्हणूनच आम्ही मुखवटे आदल्या दिवशी देत नाही. चार तालमी आधी न्या, त्या दिवसांचं भाडं निम्मं.

माप चेहऱ्याचं नको, डोक्याच्या घेराचं द्या. मुखवटा केसांसकट अख्खं डोकं झाकतो. अंबाडा सोडून मोजा. (अथेन्सला ही अडचण नव्हती, नट सगळे पुरुषच.) स्त्रियांचे मुखवटे फिके, पुरुषांचे सावळे ही तिकडचीच रीत, ‘रंग द्यायचा राहिला’ म्हणून परत आणू नका.

मुलं कमी असली तरी अडत नाही. तिकडे तीनच नट मुखवटे बदलून सगळी पात्रं करत, कोरस (एकत्र गाणारा-नाचणारा समूह) वेगळा. पंधराचा कोरस जमत नसेल तर पाच एकसारखे मुखवटे न्या. डोळे फोडून घेतल्यानंतरच्या इडिपसचा मुखवटा वेगळा आहे, तो आठवणीने मागा. आणि युरिपिडीसचं ‘बाकाय’ करणाऱ्यांनी राजा पेन्थ्यूसचं कापलेलं डोकं निराळं बनवून घेऊ नये. त्याचाच मुखवटा शेवटी त्याच्या आईच्या, अगावेच्या हातात द्या; मानेकडून लाल कापड आम्ही लावून देतो.