चाळिशीनंतर ट्रकचे लायसन्स : सातारा-सांगलीतील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

ऊस हंगाम तोंडावर आला की कराडच्या आमच्या अर्ज केंद्रावर पंचेचाळीस-पन्नाशीतली माणसे एकच विचारणा घेऊन येतात. कोणी मुंबईतली नोकरी सुटल्यामुळे पाटण खोऱ्यातल्या गावी परतलेला असतो, कोणाचे दुकान बंद पडलेले असते, तर कोणाच्या वाट्याला आलेली जमीन दोन कुटुंबांना पुरत नसते. कारखान्यावर किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गाडीवर ड्रायव्हर हवा असल्याचे त्यांच्या कानावर आलेले असते आणि महिनाभरात ट्रकचे लायसन्स मिळेल, अशी त्यांची समजूत असते. ज्याच्याकडे मोटारीचे लायसन्स नाही त्याला एक महिना सोडाच, एक वर्षही पुरत नाही. म्हणून कोणाला पैसे देण्यापूर्वी आपण या प्रक्रियेच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे अर्जदाराने आधी नीट पाहून घ्यावे.

वयाची शंका प्रथम दूर करतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परिवहन वाहन, म्हणजे मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीचे वाहन, चालवण्यासाठी किमान वय २० वर्षे आहे; कमाल वयाची अट कायद्यात नाही. परिवहन वाहनाच्या लायसन्ससाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असणे आवश्यक होते, ती अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे चौथीतून शाळा सुटलेला पन्नाशीचा गृहस्थही अर्ज करू शकतो. मालवाहू ट्रकसाठी बॅजही लागत नाही. बॅज हा रिक्षा, टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांचा विषय आहे.

खरी अडचण याच अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे. हलक्या मोटार वाहनाचे, म्हणजे मोटारीचे, पक्के लायसन्स किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन्सही देता येत नाही. दुचाकीचे लायसन्स वीस वर्षांचे असले तरी या अटीसाठी ते उपयोगाचे नाही. गावाकडे ट्रॅक्टर किंवा भावाची जीप वर्षानुवर्षे चालवली असली, तरी लायसन्सवर हलक्या वाहनाची नोंद ज्या तारखेला झाली त्या तारखेपासूनच वर्ष मोजले जाते. ज्याच्याकडे फक्त दुचाकीचे लायसन्स आहे त्याने आज सुरुवात केली, तर मोटारीच्या शिकाऊ लायसन्सनंतरचे ३० दिवस, पक्के लायसन्स, त्यानंतरचे एक वर्ष, मग परिवहनाचे शिकाऊ लायसन्स आणि पुन्हा ३० दिवस, असा किमान चौदा महिन्यांचा हिशेब होतो. या हंगामात ट्रकवर बसण्याचा बेत त्याने मनातून काढावा आणि पुढच्या हंगामाची तयारी करावी.

मुंबईहून परतलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वारंवार दिसते. त्यांचे मोटारीचे लायसन्स मुंबईच्या किंवा ठाण्याच्या कार्यालयाचे, कधीकधी जुन्या पुस्तकी स्वरूपातले असते आणि सारथी या लायसन्सच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीत त्याचा क्रमांक टाकला की काहीच दिसत नाही. अशा लायसन्सची संगणकीय नोंद, ज्याला कार्यालयात बॅकलॉग म्हणतात, ज्या कार्यालयाने ते दिले तिथून करून घ्यावी लागते; ती होईपर्यंत पुढचा अर्ज सुरूच होत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सारथीवर आपला क्रमांक टाकून नाव, जन्मतारीख आणि हलक्या वाहनाच्या नोंदीची तारीख बरोबर दिसते का, हे तपासावे. पत्ता गावचा करून घेणे सोयीचे असले तरी कार्यालयाच्या हद्दीची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही लायसन्स प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. साताऱ्याचे कार्यालय एमएच ११, सांगलीचे एमएच १० आणि कराडचे एमएच ५० असून शिकवणीची गाडी आणि चाचणीची तारीख जिथे सोयीने मिळेल ते कार्यालय निवडावे.

मोटारीचे लायसन्स आहे पण ट्रकचे अजून नाही, अशा माणसासाठी एक वाट कायद्यानेच मोकळी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेली व्यक्ती, भारासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन परिवहनाच्या वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, चारशेसात अशा गाड्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येतात. माझा सल्ला असा की ज्याने उभ्या आयुष्यात मालाची गाडी हाकलेली नाही, त्याने आधी काही महिने पिकअपवर द्राक्षांची किंवा भाजीपाल्याची वाहतूक करून पाहावी. रात्रीचे जागरण, माल भरण्या-उतरवण्याची वाट पाहत जाणारे तास आणि बाजार समितीच्या आवारात गर्दीत गाडी मागे घेणे आपल्याला झेपते की नाही, हे तिथे थोड्या खर्चात कळते. एकूण वजनाचा आकडा मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर स्वतः वाचून घ्यावा, मालकाच्या सांगण्यावर राहू नये. लायसन्स नसताना वाहन चालवल्यास ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी हातात देणाऱ्या मालकावरही स्वतंत्र कारवाई होते.

आता वैद्यकीय प्रमाणपत्राविषयी, ज्याला बहुतेक अर्जदार शेवटचा आणि किरकोळ कागद समजतात. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक अर्जदाराला आणि परिवहन वाहनाच्या कोणत्याही वयाच्या अर्जदाराला नमुना १-अ मधील प्रमाणपत्र लागते. ते नोंदणीकृत डॉक्टरने अर्जदाराला प्रत्यक्ष तपासून द्यायचे असते आणि त्यावर अर्जदाराचा फोटो असतो. त्यातले प्रश्न अगदी नेमके आहेत. चांगल्या उजेडात २५ मीटर अंतरावरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का, हातापायाचा असा काही दोष आहे का ज्यामुळे वाहनावर ताबा ठेवणे कठीण जाईल, हे सगळे त्यात विचारलेले असते.

ही परीक्षा घरच्या घरीही घेता येते. रस्त्याकडेला उभ्या गाडीच्या नंबरप्लेटपासून मोठी तीस पावले मोजून मागे यावे आणि चष्म्यासह अक्षरे वाचावीत, मग एक डोळा झाकून पुन्हा वाचावीत. गेल्या वर्षी आलेल्या एका गृहस्थांना दोन्ही डोळ्यांनी सगळे स्पष्ट दिसत होते. उजवा डोळा झाकल्यावर मात्र त्यांना ‘८’ आणि ‘३’ यांतला फरक सांगता येईना. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तोपर्यंत त्यांनी ट्रेनिंग स्कूलचे पैसे भरून टाकले होते. मधुमेह आणि रक्तदाब यांचा परिणाम डोळ्यांच्या पडद्यावर होतो, हे सर्वांना माहीत असते, पण तपासणी होत नाही. म्हणून माझ्या मते क्रम असा असावा : आधी नेत्रतज्ज्ञ आणि साखर-रक्तदाबाची तपासणी, मग नमुना १-अ, आणि त्यानंतरच शिकवणीचे पैसे. तपासल्याशिवाय सही करून देणारा डॉक्टर शोधून प्रमाणपत्र मिळेलही, परंतु खंबाटकीत समोरून येणाऱ्या दिव्यांत डोळे दिपतात तेव्हा ते प्रमाणपत्र कामाला येत नाही.

अर्ज सारथी संकेतस्थळावर नमुना २ मध्ये भरायचा असतो. हा एकत्रित नमुना असून शिकाऊ लायसन्स, पक्के लायसन्स, वर्गवाढ (चालू लायसन्सवर वाहनाचा नवा वर्ग जोडणे) आणि नूतनीकरण या सगळ्यांसाठी तोच वापरला जातो. मोटारीचे लायसन्स असलेल्याने परिवहन वाहनाचा वर्ग निवडून आधी त्या वर्गाचे शिकाऊ लायसन्स घ्यायचे आणि नंतर चालू लायसन्सवर वर्गवाढ करून घ्यायची. सोबत नमुना १ मधील शारीरिक पात्रतेचे स्वयंघोषणापत्र, नमुना १-अ, चालू लायसन्स, आधार आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. आधारवर वडिलांचे नाव पूर्ण आणि लायसन्सवर फक्त आद्याक्षर, असा फरक असेल तर तो अर्जापूर्वीच दुरुस्त करावा, कारण अर्ज परत येण्याचे हेच सर्वांत सामान्य कारण मला दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३२ प्रमाणे शिकाऊ लायसन्ससाठी प्रत्येक वर्गाला १५० रुपये, वाहन चालवण्याच्या चाचणीसाठी ३०० रुपये आणि वर्गवाढीसाठी ५०० रुपये मूळ शुल्क आहे. त्याखेरीज इतर आकार संकेतस्थळावरील पावतीत दिसतात. जे पावतीत नाही ते शासकीय शुल्क नाही.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते. त्या काळात ट्रक चालवताना पुढे आणि मागे लाल रंगातील ‘एल’ ही खूण असावी लागते आणि शेजारी त्या वाहनाचे वैध लायसन्स असलेला शिकवणारा बसलेला असावा लागतो. परिवहन वाहनासाठी ट्रेनिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मित्राच्या गाडीवर शिकलो, असे सांगून भागत नाही. नियम ३१ नुसार या शिकवणीचा कालावधी किमान ३० दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ किमान १५ तासांचा आहे. दोन वर्षे हलके वाहन चालवलेल्यांना १५ दिवसांची आणि कमी तासांची सवलत आहे, पण चाळिशीनंतर शिकणाऱ्याने ती घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. मोटारीची सवय हाताला पक्की बसलेली असते आणि ट्रकवर नेमकी तीच नडते. मोटारीत मान वळवून मागे पाहता येते. ट्रकमध्ये हौद्यामुळे मागचे काहीच दिसत नसल्याने दोन्ही आरशांवरच विसंबावे लागते. डाव्या वळणावर मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात, त्यामुळे मोटारीच्या बेताने वळण घेतले की मागचे चाक कट्ट्यावर किंवा उभ्या दुचाकीवर चढते. भरलेली गाडी घाटात ब्रेकवर नाही, खालच्या गिअरवर उतरवायची असते, हे कुंभार्ली किंवा पसरणीच्या उतारावर कळण्याऐवजी शिकवणीतच कळायला हवे.

स्कूल निवडताना त्यांच्याकडे दुहेरी नियंत्रणाची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक-क्लच असलेली, जड गाडी स्वतःची आहे का, हे पाहावे. दोन-तीन फेऱ्या मारून नमुना ५ हातात देणारेही भेटतात. तिथे पैसे वाचतात, मात्र पुढे मालकाने पहिल्याच खेपेला बाजूला बसून गाडी कशी हाकतो हे पाहिले की नोकरी जाते.

शिकाऊ लायसन्स मिळून ३० दिवस झाल्यावर चाचणीची वेळ घेता येते. चाचणीला शिकाऊ लायसन्स, मूळ लायसन्स आणि नमुना ५ सोबत न्यावेत. ज्या ट्रकवर चाचणी द्यायची त्याचे नोंदणी प्रमाणपत्र, विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि पीयूसी चालू असावेत. गाडी बहुधा स्कूलचीच असते, तरी तिचे कागद आदल्या दिवशी स्वतः पाहावेत, कारण विम्याची मुदत संपलेली निघाली तर अर्जदाराचा दिवस वाया जातो. मोटार वाहन निरीक्षकाने अनुत्तीर्ण ठरवल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीनदा अनुत्तीर्ण झाल्यास शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते.

परिवहन वाहनाचे लायसन्स पाच वर्षांसाठी असते. त्याच कार्डावर मोटारीच्या वर्गाची मुदत वेगळी छापलेली असते आणि अनेकजण तीच तारीख पाहून निर्धास्त राहतात. ट्रकच्या ड्रायव्हरने परिवहनाच्या रकान्यातली तारीख लक्षात ठेवावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून करता येतो आणि त्या वेळी नमुना १-अ पुन्हा लागतो. मुदत संपून एक वर्ष उलटले तर चाचणी नव्याने द्यावी लागते. पेट्रोल, गॅस किंवा रसायनांचा टँकर चालवायचा असेल, तर नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. या नोंदीची मुदत तीन वर्षांची असते आणि नूतनीकरणापूर्वी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. दुधाच्या टँकरला ही नोंद लागत नाही.