म्हैस उडत नाही, तरी बोट का उडतं?

बालवाडीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात एका बाबांनी लिहिलं, "सहा महिने झाले, पोराला अजून अ आ इ गिरवता येत नाही. नुसतं खेळवतात. मग फी कशाची घेता?" खाली अकरा अंगठे. माझी भाची त्याच वर्गात आहे. तिला आणायला मी जातो आणि नेहमी वेळेआधी पोचतो, त्यामुळे त्या 'नुसत्या' खेळाचा मी खिडकीबाहेरचा साक्षीदार आहे. त्यातल्या एका खेळानं मला पुरतं झपाटलंय.

खेळ तुमचा-माझा जुनाच. पोरं गोल करून बसतात, तर्जनी जमिनीवर टेकवतात. ताई म्हणतात, "चिमणी उड!" सगळी बोटं वर, भुर्र. "कावळा उड!" भुर्र. "पोपट उड!" भुर्र. "म्हैस उड!" आणि पंधरापैकी नऊ बोटं हवेत.

त्या नऊ जणांना म्हैस उडत नाही हे ठाऊक असतं. विचारून बघा, हसतील तुम्हाला. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे 'उड' ऐकू येण्याआधी 'म्हैस' ऐकून झालेली असते. विचार करायला तेवढी सवड मिळते, तरी बोट उडतंच. माहिती असणं आणि थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तीन ते पाच या वयात दुसरी गोष्ट जोरात घडत असते. पाटीवर ती दिसत नाही एवढंच.

अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञानं याच भानगडीवर एक गमतीदार प्रयोग केला होता. मुलाच्या हातात रबरी फुगा. एका रंगाचा दिवा लागला की दाबायचा, दुसऱ्या रंगाचा लागला की नाही. तीन-साडेतीन वर्षांच्या पोरांची गल्लत होते, म्हणून त्यानं त्यांना स्वतःच मोठ्यानं "दाबू नको" असं म्हणायला लावलं. पोरं म्हणाली "दाबू नको", आणि म्हणता म्हणता दाबला. लुरियाचं म्हणणं असं की या वयात शब्दाचा अर्थ मागे राहतो आणि उच्चाराचा धक्का आधी हातापर्यंत पोचतो. नंतरच्या संशोधकांना हा निकाल इतका चोख मिळाला नाही हेही सांगायला हवं. पण "पळू नको रे!" असं ओरडल्यावर पोरगं आणखी जोरात पळालेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना लुरिया लगेच पटेल.

आता मेंदूत काय चालतं ते. इथे मी जरा खोलात जाणार आहे, कारण हा माझा लाडका भाग आहे. कंटाळा आला तर खाली कोंबडी येईल, थेट तिथे उडी मारा.

थांबण्याचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक विचित्र अडचण असते. कृती मोजता येते: दिवा लागला, बटण दाबलं, किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं. पण जमलेलं थांबणं मोजायचं कसं? काही घडतच नाही, मग घड्याळ कधी बंद करायचं? गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन यांनी १९८४ साली यावर नामी तोड काढली. बैलगाड्यांची शर्यत डोळ्यांसमोर आणा. 'कर' नावाची एक गाडी, 'थांब' नावाची दुसरी. पडद्यावर बाण दिसला की 'कर' सुटते. थोड्या वेळानं 'टूं' असा आवाज येतो, तेव्हा 'थांब' सुटते. दोघी आपापल्या चाकोरीतून धावतात, एकीचं दुसरीकडे लक्ष नसतं. जी आधी पोचेल तिचं खरं. 'कर' जिंकली तर बटण दाबलं जातं, 'थांब' जिंकली तर हात जागच्या जागी.

आता युक्ती अशी. तो 'टूं' थोडा थोडा उशिरा वाजवत जायचा. उशीर वाढला की 'थांब' बिचारी वारंवार हरते. एक वेळ अशी येते की माणूस निम्म्या वेळा थांबतो आणि निम्म्या वेळा फसतो. म्हणजे तिथे शर्यत बरोबरीत सुटली. समजा तुम्हाला बटण दाबायला सरासरी ५०० मिलिसेकंद लागतात आणि बरोबरीच्या वेळी 'टूं' २७० मिलिसेकंदांनी वाजत होता. तर 'थांब' गाडीला लागले ५०० वजा २७०, म्हणजे २३०. न घडलेल्या गोष्टीचा वेळ एका वजाबाकीनं हातात आला! निरोगी तरुण माणसात हा आकडा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांच्या घरात येतो, लहान मुलांत जास्त. त्यांची 'थांब' गाडी नवी आहे, वंगण पडायचंय.

या गाडीचा रस्ताही बराचसा सापडलाय. कपाळामागच्या मेंदूच्या उजव्या भागातून हुकूम निघतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, मसुराच्या दाण्यासारख्या आकाराच्या एका केंद्रकाला, म्हणजे पेशींच्या पुंजक्याला, पोचतो. ते केंद्रक हालचालीच्या साखळीवर ब्रेक दाबतं. पार्किन्सनच्या काही रुग्णांत याच केंद्रकात विजेची बारीक तार बसवून कंप कमी करतात, आणि त्यातले काही जण उपचारानंतर उतावळे वागू लागतात. ब्रेकशी केलेली छेडछाड अशी दिसते. कपाळामागचा तो भाग पक्का व्हायला विशी उलटते, तेव्हा चार वर्षांच्या पोराकडून तो तयार मिळेल ही अपेक्षाच चूक.

(काटेकोर वाचक म्हणतील की 'चिमणी उड' म्हणजे लोगनची 'सुरू केलेलं थांबवा' चाचणी नव्हे, ती 'करा किंवा करू नका' प्रकारची. बरोबर आहे. दोन्हीचे रस्ते बरेचसे सामाईक आहेत एवढ्यावर मी वेळ मारून नेतो.)

प्रयोगशाळेत एक गोष्ट पक्की माहीत आहे. 'करा'चे इशारे भरपूर आणि 'करू नका' क्वचितच असेल, तर चुका वाढतात, कारण हाताला करण्याची चटक लागते. आता ताईंकडे बघा. त्या सुरुवातीलाच म्हैस कधीच आणत नाहीत. चिमणी, कावळा, पोपट, मैना, घार, वेग वाढवत वाढवत पोरांना लयीत झुलवतात आणि मगच म्हैस सोडतात. आजीसुद्धा असंच करायची. ही वैज्ञानिक रचना अंगणात बसून पोरांना फसवता फसवता सापडलेली आहे.

बोटांचा विषय निघालाच आहे म्हणून. याच बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी, स्वभाव आणि दहावीनंतरची शाखा सांगणारे लोक शहरोशहरी स्टॉल लावून बसलेत, आणि त्याचे हजारो रुपये घेतात. ठशांच्या रेषा पोटात असतानाच ठरतात. त्यात पोराची चिकाटी शोधणं आणि तळहातावर लग्नरेषा शोधणं यात फरक एवढाच की रिपोर्ट रंगीत छापून मिळतो. मध्यमेंदू जागवून देतो म्हणणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्गही त्याच पंक्तीतले: डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणं, म्हणजे नाकाजवळच्या फटीतून बघणं. तुमच्या पोराचा मध्यमेंदू बंद असता तर ते शुद्धीवरच नसतं.

थांबण्याची दुसरी शाळा भातुकलीत भरते. १९३० च्या दशकात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉत्स्कीनं मांडलं की कल्पनेच्या खेळात मूल मोकाट नसतं, उलट तिथेच सर्वांत कडक नियम पाळतं. खाऊची गोळी म्हणजे न खायची वस्तू असं ठरलं की खरी गोळी हातात असूनही तोंडात टाकायची नाही. आमच्या खिडकीतून दिसणारा प्रकार हाच: इवल्या ताटल्यांत चुरमुरे आणि गुळाचे खडे वाढलेत, पाहुणे यायचेत, आणि एरवी डबा उघडताच फस्त करणारी मंडळी मांडी घालून बसलीत. एकीनं हळूच एक चुरमुरा उचलला तर दुसरी दटावते, "अगं, पाहुणे आले नाहीत अजून!" मोठ्यांनी दटावलं असतं तर रडारड झाली असती.

वायगॉत्स्कीच्या परंपरेतल्या मनुइलेंको यांचा १९४८ साली छापलेला प्रयोग यावरच आहे. मुलांना नुसतं "न हलता उभं राहा" म्हटलं तर ती थोड्याच वेळात चुळबुळतात. तीच मुलं "तू पहारेकरी आहेस" म्हटल्यावर कितीतरी जास्त वेळ उभी राहतात. अगदी लहानांत फरक जेमतेम, मधल्या वयात ठळक, आणि सातव्या वर्षाच्या आसपास पुसट, कारण तोवर मूल विनाभूमिकाही उभं राहू शकतं. पहारेकरी हा जणू कुबडीसारखा, आणि कुबडी सुटते.

पण अतिउत्साह नको. कल्पनेच्या खेळामुळे सगळं सुधारतं असं म्हणणाऱ्या कित्येक अभ्यासांची अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली झाडाझडती घेतली, तेव्हा पुरावा बऱ्याच ठिकाणी पातळ निघाला. त्या मानानं मर्यादित दावा जास्त भरवशाचा वाटतो. अमेरिकेत शॉना टॉमिनी आणि मेगन मॅकलेलँड यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवाडीतली ६५ मुलं होती, आठ आठवडे, १६ सत्रं, गोलात खेळायचे थांबा-चाला प्रकारचे खेळ. फायदा दिसला तो मुख्यतः ज्यांना आधी थांबणं जमत नव्हतं अशांना.

हे वाचल्यावर मला आपल्या खेळातला एक दोष खटकायला लागला. म्हशीला बोट उचललं की बाद! म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटात भिंतीला टेकून बसतो. आमच्या ताईंनी हे कधीच ओळखलंय. त्यांच्याकडे बाद कोणी होत नाही. चुकलेल्यानं म्हशीसारखं हंबरायचं आणि पुढे खेळायचं. काही पोरं मुद्दाम चुकतात, हा तोटा आहे.

बोटाचा ब्रेक आणि रागाचा ब्रेक एकच का? पूर्ण नाही. फिलिप झेलाझो हा संशोधक 'थंड' आणि 'गरम' असा भेद करतो. म्हशीच्या वेळी डोकं थंड असतं, खेळण्यातला डंपर हिसकावला गेल्यावर नसतं. परवा असाच एक डंपर हिसकावला गेला, समोरच्याचा हात वर गेला. ताई लांबून ओरडल्या नाहीत, येऊन गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "राग आलाय ना खूप? हात इथे ठेव, माझ्या हातावर." सकाळी "आज मारामारी करायची नाही हं" असं बजावण्याला या वयात फारसा अर्थ नसतो. चॅथम, फ्रँक आणि मुनाकाता यांनी २००९ साली डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजून दाखवलं की आठ वर्षांची मुलं पुढच्या प्रसंगाची आधीच तयारी करून ठेवतात, साडेतीन वर्षांची मात्र प्रसंग समोर आल्यावर आठवणीत हात घालतात. म्हणून ताई त्या क्षणी तिथे हवी. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल जिथे आहे तिथे मोठ्या माणसानं जायचं, हे तेव्हाच ठरलेलं होतं.

आता कोंबडी. काल ताईंनी "कोंबडी उड!" म्हटलं आणि वर्ग दुभंगला. निम्मी बोटं वर, निम्मी खाली. ज्या पोरानं सलग तीन म्हशी उडवल्या होत्या, त्यानं या वेळी डाव्या मुठीत उजवं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. माझी भाची म्हणाली, उडते. तो म्हणाला, आमच्या गावाला आहे, नाही उडत. आवाज चढले. तिसरी म्हणाली, थोडी उडते. ताईंनी काहीच निकाल दिला नाही. पोरांनी आपसात ठरवलं की कोंबडीला बोट अर्धं उचलायचं.

घरी येताना रिक्षात भाचीनं मला विचारलं, "मोर?"