बोलायला अडणाऱ्या मुलांसाठी मोठ्यांचं प्रशिक्षण

चौकशीला येणारे बहुतेक शिक्षक विचारतात, "या मुलाला बोलतं कसं करायचं?" आमच्या प्रशिक्षणात मुलं नसतातच. बदलायचं असतं ते आपलं, म्हणजे मोठ्यांचं बोलणं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण काहींचा इथे हिरमोड होतो.

अडलंय कुठे?

काकाला 'ताता' आणि राजाला 'लाजा' म्हणणारं मूल चटकन लक्षात येतं. त्याची अडचण उच्चारांची. दुसरं मूल शब्द स्वच्छ उच्चारतं, पण सांगतं, "काल बाबा गाडी मी बसतो." त्याला म्हटलं, "वही दप्तरात ठेव आणि मग दाराशी ये," की वही तशीच हातात घेऊन ते दाराशी हजर. त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. खरं तर अर्धं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. ऐकू येणं, बुद्धी, घर यांपैकी कशातच ठळक कारण सापडत नाही, तरी भाषा मागे राहते, याला 'विकासात्मक भाषा विकार' म्हणतात. साधारण सात टक्के मुलांमध्ये तो आढळतो. म्हणजे तीसच्या वर्गात दोन मुलं, आणि बहुधा मागच्या बाकावरची गप्प मुलं.

काहीही ठरवण्याआधी कान तपासून घ्यायला सांगा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं, तर मुलाला एक दिवस नीट ऐकू येतं, एक दिवस येत नाही. मग आपण म्हणतो, "याला हवं तेवढंच ऐकू येतं!"

सत्रात काय होतं?

पहिल्या सत्राला येताना मुलासोबत खेळतानाचा दहा मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ आणायचा. तो पाहताना एकच काम: आपण किती प्रश्न विचारले ते मोजायचं. "हे काय आहे? रंग कोणता? चाकं किती?" मोजता मोजता बरेच जण हसायला लागतात. समोर खेळणी असतात, पण चाललेली असते तोंडी परीक्षा.

मग थांबायचा सराव. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात; हा वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात. घड्याळ समोर ठेवून गप्प बसून पाहा. तीन सेकंद भलतेच लांब वाटतात.

त्यानंतर शब्द परत देणं. मूल म्हणालं, "गाली पलाली," तर "नीट बोल, गाडी म्हण," असं म्हणायचं नाही. "हो, गाडी पळाली! जोरात पळाली," एवढं म्हणायचं आणि खेळ पुढे न्यायचा. बरोबर रूप कानावर पडतं, मुलाचा उत्साहही टिकतो. तोतरं बोलणाऱ्या मुलाला "सावकाश बोल" म्हणण्यापेक्षा आपणच सावकाश बोलावं. खुणा आणि चित्रं वापरली तर मूल बोलायचं सोडून देईल, ही भीतीही आम्ही इथे काढून टाकतो.

घरची भाषा बंद करा, असा सल्ला पालकांना कृपया देऊ नका. दोन भाषांमुळे विकासात्मक भाषा विकार होत नाही. असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो.

आम्ही काय करत नाही

निदान करत नाही, करायला शिकवतही नाही. दोन वर्षं उलटली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला स्पीच थेरपिस्टकडे पाठवायला सांगतो. येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, अजिबात थांबू नये. सोबत द्यायची नोंद कशी लिहावी, याला एक पूर्ण सत्र आहे. 'अबोल आहे' हे निरुपयोगी. 'गटात बोलत नाही, एकट्या मित्राशी तीन शब्दांची वाक्यं बोलतो' याचा उपयोग होतो.

व्यवस्था

दोन-दोन तासांची सहा सत्रं, मध्ये पंधरा दिवसांची सुट्टी, कारण वर्गात करून पाहिल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरत नाही. एका तुकडीत बारा जण. प्रमाणपत्र मिळतं, पण ते हजेरीचं. त्यावर थेरपिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही.

नाव नोंदवल्यावर व्हिडिओसाठी पालकांच्या परवानगीचा कोरा अर्ज देतो. सही झाल्याशिवाय चित्रण करू नका. आणि व्हिडिओ चांगला यावा म्हणून तालीमही करू नका.