बाजूच्या डेस्कवरचा फोन : खुल्या ऑफिसांची पार्श्वभूमी

ऐरोलीच्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही आयटी इमारतीत जा, एका हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसलेली दिसतात. त्यातला एक जण क्लायंटला मोठ्या आवाजात समजावत असतो, दुसरी घरी आलेल्या सुताराला स्पीकरवर झापत असते. त्या दोघांच्या मधे बसलेल्या बिचाऱ्याला एक्सेलमधली तीच ओळ तिसऱ्यांदा तपासावी लागते. दोष कुणाचा, असं विचारलं तर उत्तर हमखास स्वभावावर जातं : त्याचा आवाजच तसा आहे, तिला भानच नसतं. पण या माणसांमधली भिंत कधी आणि कशासाठी गेली, याचा हिशोब मांडला की स्वभावाचा वाटा बराच कमी भरतो.

ठाण्यापुरतं बोलायचं तर सुरुवात वागळे इस्टेटपासून होते. 1 ऑगस्ट 1962 ला औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथली. त्या काळी आवाज म्हणजे यंत्राचा आवाज. गाळ्यात लेथ आणि प्रेस चालायचे, आणि ऑफिस म्हणजे वरच्या माळ्यावरची काचेची केबिन. मालकाला खाली सगळं दिसावं, पण ऐकू कमी यावं, एवढी सोय त्या काचेत होती. कामगार कायद्यानंही आवाज ओळखला तो याच रूपात : कारखान्यात आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा, आणि आवाजानं आलेलं बहिरेपण हा नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार. कानाला इजा करणारा आवाज कागदावर आला. कामात नुसता व्यत्यय आणणारा आवाज आला नाही, आणि तो अजूनही आलेला नाही. त्याकडे पुढे येऊ.

खाडीपलीकडची गोष्ट वेगळी. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये नव्या शहराची, म्हणजे आजच्या नवी मुंबईची, कल्पना मांडली तेव्हा दक्षिण मुंबईत कोंडलेली ऑफिसं पूर्वेकडे खेचणं हा त्यातला मुख्य हेतू होता. 1970 मध्ये ते शहर उभारणारी सिडको आली, 1973 मध्ये वाशीचा पूल झाला, पण ऑफिसं नरिमन पॉइंटवरच उभी राहत गेली. बेलापूरच्या सीबीडीत, म्हणजे ऑफिसांसाठी राखलेल्या भागात, आधी आली ती सरकारी खाती. कोकण भवनसारख्या इमारतींमध्ये ऑफिस म्हणजे लोखंडी कपाटं, त्यांवर कापडात बांधलेले फायलींचे गठ्ठे, डोक्यावर घरघरणारे पंखे. तिथे शांतता होती असं कुणी म्हणणार नाही. पण कागद आणि कापड आवाज पितात, कपाटांच्या रांगा त्याला अडवतात, आणि पंख्याची घरघर दोन टेबलांपलीकडचं बोलणं पुसून टाकते. ध्वनितज्ज्ञ आज ज्यासाठी पैसे घेतात त्या तिन्ही गोष्टी तिथे फुकट आणि नकळत मिळत होत्या.

मग नव्वदचं दशक आलं. 1992 मध्ये लोकल वाशीला पोचली, स्टेशनाच्याच इमारतीत इन्फोटेक पार्क आलं, महाप्याला मिलेनियम बिझनेस पार्क झालं. आयटीसाठी जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकाम, देण्याचं राज्याचं धोरण आलं आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर रासायनिक कारखान्यांच्या शेजारी काचेच्या इमारती उगवल्या. 2004 मध्ये ठाण्याहून तुर्भ्याकडे गाडी सुरू झाली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही नावं डोंबिवली-कल्याणच्या माणसाच्या रोजच्या पासावर आली. या इमारतींचे मजले प्रचंड लांबरुंद. अशा मजल्यावर केबिनी काढल्या तर मधल्या माणसाला उजेडच मिळत नाही, त्यामुळे आतली रचना जवळपास ठरूनच आली : मधे सगळा मोकळा हॉल, कडेला चार मीटिंग रूम.

ही रचना आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत बफेलो शहरात फ्रँक लॉइड राइटनं 1906 मध्ये लार्किन कंपनीचं ऑफिस बांधलं, त्यात एका उंच दालनाभोवती कारकुनांच्या रांगा होत्या. पर्यवेक्षकाला सगळे हात दिसावेत, हे त्या काळचं कारखानी तत्त्व. पन्नाशीच्या दशकाअखेर जर्मनीत एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या भावांनी ते उलटवलं. ओळी मोडा, साहेबाची केबिन काढा, कागद ज्या वाटेनं फिरतो त्याप्रमाणे टेबलं लावा. त्यात त्यांनी गालिचे, झाडं, आवाज शोषणारं छत हे सगळं गृहीत धरलं होतं. खोली भरपूर मोठी आणि माणसं भरपूर असावीत असाही आग्रह होता, म्हणजे कुणा एकाचं बोलणं वेगळं कळणार नाही, नुसती गुणगुण राहील. कल्पना जगभर गेली आणि जाताना गालिचे गळाले.

क्युबिकलची, म्हणजे पार्टिशनच्या खोक्याची, कथा तर याहून कडू. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीत रॉबर्ट प्रॉप्स्टनं 1964 मध्ये ॲक्शन ऑफिस आणलं आणि 1968 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती. माणसाला थोडा आडोसा मिळावा, हवं तसं वळता यावं म्हणून हलत्या, तिरप्या जोडता येणाऱ्या भिंती. कंपन्यांनी त्या काटकोनात लावल्या, कारण चौकोनात जास्त माणसं बसतात, शिवाय अमेरिकेत कर भरताना फर्निचरवरचा घसारा इमारतीपेक्षा लवकर वजा करता येई. पुढे प्रॉप्स्टनं स्वतःच या प्रकाराला वेडेपणा म्हटलं. आपल्याकडे 2000 नंतरच्या कॉल सेंटरांनी हाच खोका अर्धा कापून घेतला : पार्टिशन छातीपर्यंत, कान उघडे. आणि आता तर तेही गेलं. लांबच लांब बेंच आणि समोरच्याचा मॉनिटर, एवढाच आडोसा.

इथे एक गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. जुनी ऑफिसं आजच्यापेक्षा जास्त गोंगाटाची होती. टाइपरायटरचा खडखडाट, पंखे, शिपायाला मारलेल्या हाका. आजचा सेंट्रल एसी जवळजवळ मुका आहे, कीबोर्ड मऊ आहे. म्हणजे डेसिबल घटले आणि त्रास वाढला. हे कोडं मानसशास्त्रज्ञांनी पन्नास वर्षांपूर्वीच सोडवायला घेतलं होतं. 1976 मध्ये कोल आणि वेल्श यांनी अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणाऱ्या लोकांच्या कानावर परक्या भाषेतलं, न कळणारं बोलणं घातलं. तरीही चुका वाढल्या. सतत बदलणारा आवाज मेंदूला गाळता येत नाही, त्याचा अर्थ लागो न लागो. त्यामुळे शेजारी तमिळमध्ये बोलतोय, आपल्याला काय, असं म्हणून आकडेमोडवाल्याची सुटका होत नाही. वाचन किंवा लेखन करणाऱ्याला मात्र कळणारी भाषा अधिक छळते. सुताराची मराठी झापाझाप त्याला जास्त महाग पडते.

2000 मध्ये गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी चाळीस कारकून महिलांवर केलेला प्रयोग मला यात सगळ्यांत बोलका वाटतो. तीन तास खुल्या ऑफिसातला साधाच, मध्यम आवाज. नंतर मोजणी केली तर शरीरातलं ॲड्रिनॅलिन वाढलेलं, आणि न सुटणारी कोडी दिली तर त्यांनी शांत खोलीतल्या महिलांपेक्षा लवकर हात टेकले. पण ताण वाटला का, असं विचारल्यावर त्यांच्या उत्तरांत काही फरक नव्हता. ‘मला नाही बाबा त्रास होत’ असं सांगणारा सहकारी खोटं बोलत नसतो. त्याला ते कळतच नसतं.

आता फोन. या भागातल्या ऑफिसांना मोबाइलनं जितकं बदललं तितकं कुठल्या फर्निचरनं बदललं नाही, आणि तो बदल बऱ्याच अंशी इथूनच निघाला. डिसेंबर 2002 मध्ये रिलायन्स इन्फोकॉमची सेवा जाहीर झाली ती कोपरखैरण्याच्या धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून चालणारी. मे 2003 पासून देशभर इनकमिंग कॉल फुकट झाले. त्याआधी मोबाइल वाजला की माणूस दोन वाक्यांत आटपायचा, मिनिटागणिक पैसे जात होते. ऑफिसच्या लँडलाइनवर खासगी बोलायचं तर हेडक्लार्कचे डोळे असायचे. दोन्ही लगाम एकदमच सुटले. 2016 मध्ये घणसोलीतूनच जिओ आलं आणि बाहेर जाणारा कॉलही फुकट झाला.

त्यात यंत्राचा एक बारीक दोष आहे. जुन्या फोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत यायचा. कॉल सेंटरवाले त्याला साइडटोन म्हणतात. तो ऐकू आला की माणूस आपोआप आवाज उतरवतो. मोबाइलमध्ये आणि कान झाकणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये तो फार कमी असतो, म्हणून चांगला, समंजस माणूसही कॉलवर खेकसतो. पॅरिसचे कानाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये याचाच भाऊबंद दाखवून दिला होता : भोवताली आवाज वाढला की बोलणारा नकळत आपला आवाज चढवतो. एकानं चढवला की दुसरा चढवतो. ठाणे स्टेशनवर सकाळी आठला उभं राहिलेल्या कुणालाही हे प्रयोगशाळेशिवाय पटेल.

आणि फोनवरचं बोलणं अर्धंच ऐकू येतं. 2010 मध्ये लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोघांचा पूर्ण संवाद कानावर पडण्यापेक्षा एकाच बाजूचं बोलणं लक्ष जास्त विचलित करतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधत मेंदू ताटकळतो. समोरासमोर गप्पा मारणाऱ्या दोघींवर आपण उगाच चिडतो, खरा घात शेजारी एकट्यानं हेडफोन लावून बसलेला करत असतो. कोविडनंतर हेच वाढलं. 2020 मध्ये सगळे घरी गेले, घरून व्हिडिओ कॉल घ्यायला शिकले, आणि परत आले ते ती सवय घेऊनच. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी आता स्क्रीनवरून बोललं जातं, कारण टीममधले दोघं घरी असतात.

हॉल मोकळा केल्यानं माणसं एकमेकांशी जास्त बोलतील, हा युक्तिवाद मात्र टिकलेला नाही. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी 2018 मध्ये दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांचं आधी-नंतरचं मोजमाप प्रसिद्ध केलं. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं, मेल आणि मेसेज वाढले. सगळ्यांनी बघताना कुणाशी काही बोलवत नाही, म्हणून लोक हेडफोन लावून बसतात. तरी मोकळा हॉल टिकून आहे, कारण त्याचं खरं समर्थन भाडं हेच आहे. डेस्क जवळ सरकवले की दर माणशी चौरस फूट कमी लागतात.

कायद्याकडे वळलं तर फार काही हाती लागत नाही. ठाण्याला आवाजाविरुद्धच्या लढाईची चांगली परंपरा आहे. डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट 2016 मध्ये दिलेला निकाल आजही मंडपांच्या आणि लाउडस्पीकरच्या वादात पुढे केला जातो. पण त्यामागचे 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम रस्त्यावरच्या, परिसराच्या आवाजाचे आहेत. व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबल. साधं संभाषण एक मीटरवर साधारण 60 भरतं, म्हणजे शेजारचा सहकारी कायद्याच्या नजरेत कायम निर्दोष. ऑफिसांसाठीच्या 1948 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छता, हवा, उजेड, आग यांची कलमं होती. आवाजाचं नव्हतं. त्या काळच्या पेढीत आणि दुकानात तो प्रश्नच कुणाला पडला नसावा.

मोजमापाची खरी पट्टी 2012 मध्ये आली. आयएसओ 3382 या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग खुल्या ऑफिसांसाठी आहे, आणि तो नुसता आवाज किती मोठा हे न विचारता किती अंतरापर्यंत बोलणं कळतं हेही विचारतो. पाच मीटरच्या आत बोलणं विरत असेल तर हॉल चांगला, दहा मीटरपलीकडेही कळत असेल तर वाईट. अलीकडच्या फॅशनी या पट्टीवर सपशेल नापास होतात. फॉल्स सीलिंग काढून टाकून एसीचे डक्ट उघडे ठेवायचे, खाली पॉलिश केलेलं काँक्रीट, चारही बाजूंनी काच. दिसायला झकास, पण आवाज शोषणारी एकमेव मोठी पाटी, म्हणजे छत, त्यातून गेलेली असते. इंटिरियरवाला ते बजेट कमी केल्यावर सर्वांत आधी खोडतो.

मग माणसं स्वतःपुरता आडोसा करतात. अमर बोस यांना 1978 मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचलेली नॉइज कॅन्सलिंगची, म्हणजे हेडफोननं बाहेरचा आवाज पुसण्याची, कल्पना 2000 मध्ये सामान्य ग्राहकाच्या हेडफोनमध्ये आली. ती बनली इंजिनाच्या एकसुरी घरघरीसाठी. बोलण्यावर ती अर्धवटच चालते, म्हणून बरेच जण त्यावर पावसाचा किंवा पंख्याचा आवाज लावतात. म्हणजे पुन्हा कोकण भवनचा पंखाच. गाणी लावणाऱ्यांनी शब्द नसलेली लावावीत, शब्द आले की तेही शेजारचं बोलणंच.

दुसरा मार्ग तोंडी, आणि तो आपल्याकडे अवघड जातो. वयानं मोठ्या सहकाऱ्याला ‘काका, जरा हळू’ म्हणणं एक वेळ जमतं, टीम लीडला ‘सर, बाहेर बोलाल का’ म्हणणं जमत नाही. ज्या टीममध्ये हे निभतं तिथे बहुधा माणसाला टोकलं जात नाही, आधीच एक साधा ठराव झालेला असतो : दोन मिनिटांवरचा कॉल डेस्कवर घ्यायचा नाही, स्पीकर तर नाहीच, आणि दुपारच्या जेवणाआधीचा एखादा तास कुणी कुणाला हाक मारायची नाही. हा ठराव साहेबानं स्वतः पाळला तरच चालतो.

पण कॉल घ्यायचा कुठे? फोन बूथ मोजके, मीटिंग रूममध्ये एकटा माणूस लॅपटॉप घेऊन ठाण मांडून बसलेला, त्यामुळे लोक जिन्यात, लिफ्टच्या लॉबीत, पँट्रीत उभे दिसतात. एक बूथ दोन डेस्कांची जागा खातो, आणि ॲडमिनच्या नकाशावर अजूनही खुर्च्याच मोजल्या जातात.